काडीकचऱ्यातील हायड्रोजन : स्वावलंबनाचा दुर्लक्षित मार्ग

हरित हायड्रोजनच्या राष्ट्रीय अभियानाचा सारा भर पाणी आणि वीज यांवर आहे. शेतातील पऱ्हाटी, तुराट्या, पाचट व पेंढा यांपासून हायड्रोजन मिळवण्याचा मार्ग त्याच अभियानाने मान्य केला असला, तरी त्या वाटेने जाणारे फारच थोडे. या मार्गातील खऱ्या अडचणी कोणत्या आणि त्या दूर करण्याचे सामर्थ्य देशात आहे काय, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

सरकारी निविदांच्या निकालांची चर्चा सहसा व्यापारी वर्तुळापुरतीच मर्यादित राहते. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेला असाच एक निकाल मात्र सर्वसामान्य वाचकानेही समजून घ्यावा असा आहे. वर्षाला साडेचार लाख टन हरित हायड्रोजन तयार करणाऱ्या उद्योगांना प्रोत्साहन देण्यासाठी सोलर एनर्जी कॉर्पोरेशनने निविदा मागवल्या होत्या. त्यांपैकी ४० हजार टनांचा वाटा जैवभारासाठी, म्हणजे ज्याला व्यवहारात बायोमास म्हणतात त्यासाठी, राखून ठेवलेला होता. उरलेल्या ४ लाख १० हजार टनांना उद्योगपतींनी भरघोस प्रतिसाद दिला. जैवभाराच्या ४० हजार टनांपैकी मात्र अवघे दोन हजार टन उचलले गेले आणि तेही सार्वजनिक क्षेत्रातील भारत पेट्रोलियमने. खाजगी उद्योगाने या वाटेकडे जवळपास पाठच फिरवली.

कृषिप्रधान म्हणवणाऱ्या देशात, दरवर्षी कोट्यवधी टन काडीकचरा बांधावर पेटवून दिला जात असताना, असे का घडावे? उद्योगपती अदूरदर्शी आहेत असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्यांनी हिशेब केला आणि तो जुळला नाही. तो का जुळला नाही, हे पाहिले पाहिजे.

आकडे काय सांगतात?

४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मान्यता दिली. १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन असे त्याचे स्वरूप. त्यातील १७,४९० कोटी रुपये विद्युत-अपघटनाची यंत्रे व हायड्रोजनचे उत्पादन यांना प्रोत्साहन देण्यासाठी आणि ४०० कोटी रुपये संशोधनासाठी आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही ८,५६२ कोटी रुपयांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आयात करणाऱ्या देशाने अशी पावले उचलणे सर्वथा योग्यच आहे.

आज देशात हायड्रोजन वापरला जात नाही असे नाही. तेलशुद्धीकरण कारखाने आणि खतांचे कारखाने यांत वर्षाला सुमारे ५० ते ६० लाख टन हायड्रोजन लागतो. तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून मिळवला जातो आणि प्रत्येक किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो. शिवाय त्या नैसर्गिक वायूचा मोठा हिस्साही आयातीचाच.

यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे सौर वा पवन विजेने पाण्याचे अपघटन करणे. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्यासाठीच्या आधुनिक यंत्रांतील एका प्रकारात प्लॅटिनम आणि इरिडियम हे अत्यंत दुर्मीळ धातू वापरावे लागतात व ते बाहेरून आणावे लागतात. तेलाचे परावलंबित्व जाऊन धातूंचे परावलंबित्व आले, तर पदरात काय पडले, हा प्रश्न उरतोच.

दुसरा मार्ग शेतातून जातो. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार गुरांचा चारा, चुलीचे इंधन, छप्पर आदी सर्व उपयोग वजा जाता देशात दरवर्षी सुमारे २३ कोटी टन जैवभार शिल्लक राहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रालयाने हरित हायड्रोजनची जी व्याख्या ठरवली, तिच्यात जैवभारापासूनच्या हायड्रोजनचा स्पष्ट समावेश आहे. एक किलो हायड्रोजनमागे दोन किलोपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडता कामा नये, एवढीच अट. धोरणाचे दार उघडे आहे, आत जाणारे मात्र थबकले आहेत.

काडीपासून वायूपर्यंत

काडी उघड्यावर जाळली की उष्णता, धूर आणि राख एवढेच उरते. तीच काडी बंद भट्टीत, अपुऱ्या हवेत, ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवली, तर तिचे पूर्ण ज्वलन न होता तिच्यापासून ज्वलनशील वायूंचे मिश्रण मिळते. हे ज्ञान नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा युरोपात लाखो मोटारी लाकडाच्या गॅसवर धावल्या. भारतातही कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या बसगाड्या जुन्या पिढीने पाहिल्या आहेत.

परंतु हवेत चार-पंचमांश नायट्रोजन असतो. त्यामुळे हवेवर चालणाऱ्या भट्टीतील वायूत जवळजवळ निम्मा नायट्रोजनच निघतो आणि हायड्रोजनचे प्रमाण १५ ते २० टक्क्यांवर अडकते. हवेऐवजी पाण्याची वाफ सोडली, तर चित्र पालटते. तप्त कोळशाशी वाफेचा संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन तयार होतात. त्या कार्बन मोनॉक्साइडची पुन्हा वाफेशी गाठ पडली की आणखी हायड्रोजन सुटतो. म्हणजे केवळ काडीतला नव्हे, तर पाण्यातला हायड्रोजनही हाती येतो. ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण या मार्गाचे सारे अर्थशास्त्र तिच्यावर उभे आहे.

यात एक शत्रू आहे आणि त्याचे नाव टार. काडी तापताना डांबरासारखी चिकट, काळी वाफ निघते. वायू थंड होताच ती नळ्यांत, झडपांत आणि इंजिनात साचते. देशातील अनेक खेड्यांत अनुदानातून बसवलेली वायुजनित्रे काही वर्षांतच गंजत पडली. इंधनाचा अनियमित पुरवठा, देखभालीचा अभाव, वीजबिलांची थकबाकी अशी त्याची इतर कारणेही होती. पण ज्याने अशा यंत्राचे इंजिन उघडून पाहिले असेल, त्याला टारचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

उत्प्रेरकाचे काम

येथे उत्प्रेरकाचा संबंध येतो. जो पदार्थ रासायनिक क्रिया जलद घडवतो, परंतु स्वतः तिच्यात खर्ची पडत नाही, तो उत्प्रेरक. स्वीडिश शास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये या गुणधर्माला नाव दिले. मध्यमवर्गीय घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले वनस्पती तूप निकेल या उत्प्रेरकाच्या साहाय्यानेच तयार होते. तेच निकेल तप्त वायूत ठेवले, तर टारचे जड रेणू तुटतात, वाफेशी त्यांचा संयोग होतो आणि त्यांच्यापासूनही हायड्रोजनच मिळतो. जो पदार्थ यंत्राचा घात करत होता, तोच उत्पादन वाढवू लागतो.

मात्र निकेलचे दुखणेही मोठे आहे. त्यावर काजळीचा थर बसतो, काडीतील गंधकाने ते निष्प्रभ होते आणि अतिउष्णतेत त्याचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून निकामी होतात. शिवाय निकेलसाठी भारत जवळजवळ पूर्णतः आयातीवर अवलंबून आहे.

म्हणून जगभर स्वस्त खनिजांचा शोध सुरू झाला. त्यात दोन खनिजे पुढे आली. एक डोलोमाइट, जे विदर्भात चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या जिल्ह्यांत आढळते. भाजलेले डोलोमाइट टार तोडते, पण ठिसूळ असल्याने उकळत्या वाळूसारख्या भट्टीत त्याचा भुगा होतो. दुसरे ऑलिव्हिन. ते मॅग्नेशियम व लोह यांचे हिरवट आणि टणक खनिज असून दख्खनच्या काही काळ्या पाषाणांतही त्याचे कण सापडतात. त्यातील लोह टारशी झुंजते आणि दाणा टिकूनही राहतो. काडीच्या राखेतील पोटॅशियम व कॅल्शियम, एवढेच नव्हे तर काडीचाच कोळसा, हेही काही अंशी उत्प्रेरकाचे काम करतात. उत्तर काही प्रमाणात प्रश्नाच्या पोटातच दडलेले आहे.

उत्प्रेरकाचा शोध ही चिकाटीची परीक्षा असते. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्यासाठी जर्मनीत आल्विन मिटाश यांनी शतकापूर्वी हजारो नमुने तपासले. अखेर उपयोगी ठरले ते स्वीडनच्या एका खाणीतील साधे लोहखनिज, आणि तेही त्यातील किंचित भेसळीमुळे. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला आणि जगाच्या शेतीचे रूप पालटले. तो शोध योगायोगाने लागला असे वरवर वाटेल, परंतु हजारो प्रयोगांची तयारी असलेल्यालाच असा योगायोग भेटतो.

उद्योगमंडळचा धडा

लाकडापासून औद्योगिक प्रमाणावर हायड्रोजन मिळवण्याचा प्रयोग भारताने पूर्वीच केला आहे, हे आज फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या प्रोत्साहनाने आणि शेषसायी बंधूंच्या उद्यमशीलतेने ‘फॅक्ट’ या खत कंपनीची स्थापना १९४३ मध्ये झाली. कोचीजवळ उद्योगमंडळ येथे १९४७ मध्ये तिचे अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले. त्रावणकोरात कोळसा नव्हता, तेव्हा जळाऊ लाकडाच्या वायूकरणातून अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन काढण्यात आला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर एका भारतीय संस्थानाने हे धाडस केले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

तो मार्ग पुढे सुटला. खनिज तेलाचे पदार्थ स्वस्त होते आणि लाकडाचा पुरवठा वाढवणे म्हणजे जंगलावर कुऱ्हाड चालवणे होते. त्या काळी तो निर्णय व्यवहार्य ठरला. पण त्यातून निघणारा धडा आजही लागू आहे. कच्चा माल जंगलातून येणार असेल, तर असा उद्योग उभा राहू नये. तो शेतातील अवशेषांवर उभा राहिला पाहिजे आणि तोही जेथे अवशेष आहेत तेथेच.

युरोपचा अनुभव हेच सांगतो. ऑस्ट्रियातील ग्युसिंग या हंगेरीच्या सीमेवरील मागास गावी २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत वाफेवर चालणारा वायूकरण प्रकल्प सुरू झाला. व्हिएन्ना तंत्र विद्यापीठातील हर्मन हॉफबाउर यांच्या संशोधनावर तो उभा होता. भट्टीत वाळूऐवजी ऑलिव्हिन वापरले गेले आणि वायूत सुमारे ४० टक्के हायड्रोजन मिळाला. तंत्र यशस्वी झाले. परंतु सवलतीचा वीजदर संपला, लाकडाचे भाव चढे राहिले आणि २०१६ मध्ये तो बंद पडला. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील मोठा प्रकल्पही २०१८ मध्ये थांबला. दोन्हीकडे रसायनशास्त्राने दगा दिला नाही, हिशेबाने दिला. काडी गोळा करण्याचा खर्च हाच या उद्योगाचा कणा आहे.

देशातील काम

या विषयात भारताची पाटी कोरी नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ग्रामीण तंत्रज्ञानाचे कार्य १९७४ मध्ये ए. के. एन. रेड्डी यांच्या पुढाकाराने सुरू झाले. कर्नाटकातील होसहळ्ळी या छोट्या गावात १९८८ पासून लाकडाच्या वायूवर दिवे आणि पाण्याचे पंप चालले. त्याच परंपरेतील प्रा. एस. दासप्पा यांच्या गटाने प्राणवायू आणि वाफ यांच्या साहाय्याने एक किलो जैवभारापासून १०० ग्रॅम हायड्रोजन मिळवल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. एक किलो जैवभारात मुळात ६० ग्रॅमच हायड्रोजन असतो. वरचा हायड्रोजन आला तो वाफेतून. इंडियन ऑइलच्या सहकार्याने या तंत्राचे आकारमान वाढवण्याचे काम हाती घेण्यात आले.

महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाचे पाचट आणि बगॅस यांवर चालणारी वायुजनित्रे नव्वदच्या दशकातच विकसित केली. पाचटासारखा हलका, पिसासारखा उडणारा पदार्थ भट्टीत समान गतीने उतरवणे किती कठीण, हे त्यांच्या कामावरून समजते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सेंटिएंट लॅब्जच्या सहकार्याने जीवाणूंच्या साहाय्याने शेतीच्या अवशेषांपासून हायड्रोजन मिळवण्याची वेगळी पद्धत २०२१ मध्ये पुढे आणली. पुण्यातीलच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पॉल रत्नसामी प्रभृतींच्या नेतृत्वाखाली ऐंशीच्या दशकात पेट्रोरसायन उद्योगासाठी स्वदेशी उत्प्रेरक तयार करून बडोद्याच्या कारखान्यात वापरात आणून दाखवला. म्हणजे भट्टीची विद्या देशात आहे, उत्प्रेरकाची विद्या देशात आहे. दोन्ही एका छताखाली आणून दीर्घ काळ राबवण्याची शिस्त मात्र अद्याप बसलेली नाही.

प्रश्न शेतातच सुटेल

वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट केवळ जैवभारातून गाठायचे ठरवले, तर बंगळुरूच्या प्रमाणाने पाच कोटी टन काडी लागेल. देशातील शिलकीच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी अधिक. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात ती काडी लाखो शेतांत विखुरलेली असते, सुगीच्या काही आठवड्यांतच हाती येते आणि कापसाच्या गाठीसारखी दाबून बांधल्याशिवाय ट्रकभर नेऊनही वजन भरत नाही. पंजाबात भात कापणी आणि गव्हाची पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, म्हणून शेतकरी काडी लावतो. तो पर्यावरणाचा वैरी नसून वेळेचा बंदी आहे.

सर्व काडी सारखी नसते, हेही पाहिले पाहिजे. भाताच्या पेंढ्यात सिलिका आणि पोटॅशियम भरपूर, त्यामुळे भट्टीत राख वितळून तिचे खडे बनतात. पाचट शेतातच पसरले तर ओल टिकते आणि खोडव्याला लाभ होतो, म्हणून ते सगळे उचलणे हिताचे नाही. कडबा तर गुरांच्या तोंडचा घास आहे, त्याला हात लावता कामा नये.

पऱ्हाटीचे तसे नाही. ती लाकडासारखी असते, तिच्यात राख कमी असते आणि गुलाबी बोंडअळीच्या नियंत्रणासाठी वेचणी संपताच ती शेतातून काढून टाकावी असा कृषी शास्त्रज्ञांचाच सल्ला आहे. महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरांवर कापूस होतो. हेक्टरी दोन टन पऱ्हाटी धरली आणि तिच्यापैकी निम्मीच गोळा झाली, तरी ४० लाख टन कच्चा माल हाती येतो. बंगळुरूच्या प्रमाणाने त्यापासून चार लाख टन हायड्रोजन मिळू शकतो. प्रमाण निम्म्यावर आले तरी दोन लाख टन. वर उल्लेखलेल्या निविदेतील राखीव ४० हजार टनांशी या आकड्याची तुलना करावी. आज ही पऱ्हाटी काही चुलीत जाते आणि उरलेली बांधावर पेटते.

काय केले पाहिजे?

पहिली गोष्ट आकाराची. पेट्रोरसायन संकुलाएवढा अवाढव्य प्रकल्प उभारून त्याच्यासाठी दोनशे किलोमीटरवरून काडी आणणे म्हणजे डिझेल जाळून हायड्रोजन मिळवणे होय. जिनिंग कारखाना, साखर कारखाना, डाळमिल यांच्या शेजारी, २५-३० किलोमीटरच्या परिघात पुरवठा होईल अशा बेताची केंद्रे हवीत. कापूस त्याच बैलगाडीतून, त्याच ट्रॅक्टरमधून जिनिंगला जातो. पऱ्हाटीसाठी नवी वाट आखावी लागणार नाही.

दुसरी गोष्ट दराची. काडी फुकट मिळेल हे गृहीतच चुकीचे आहे. मजुरी, यंत्र आणि वाहतूक यांचा खर्च भरून शेतकऱ्याच्या हाती काही उरले, तरच पुरवठा सलग राहील. त्यासाठी वर्षभराचे करार आणि आधी जाहीर केलेला किमान भाव आवश्यक आहे. गावातील सहकारी संस्था वा शेतकरी उत्पादक कंपन्या हे काम करू शकतात. महाराष्ट्राला सहकाराची परंपरा नव्याने शिकवण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट उत्प्रेरकाची. प्रयोगशाळेत शंभर तास चाललेला उत्प्रेरक आणि पऱ्हाटीच्या वायूत सहा महिने टिकलेला उत्प्रेरक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अभियानातील संशोधनाच्या तरतुदीतून विदर्भात एक कायमस्वरूपी चाचणी केंद्र उभारावे. तेथे देशी डोलोमाइट, ऑलिव्हिन, लोहयुक्त खनिजे आणि काडीचाच कोळसा यांची प्रत्यक्ष भट्टीत दीर्घकाळ परीक्षा व्हावी. यशाबरोबर अपयशाचेही निकाल जाहीर व्हावेत. मिटाश यांच्या हजारो प्रयोगांतील बहुतेक फसलेच होते, पण त्यांची नोंद राहिली म्हणून एक सापडला.

चौथी गोष्ट जमिनीची. काडी उचलली म्हणजे मातीचा सेंद्रिय अंश उचलला. वायूकरणानंतर उरणारा कोळसा आणि राख त्याच शेतांत परत गेली पाहिजे, अशी अट प्रत्येक प्रकल्पाला घालावी. जमिनीकडून घेऊन तिला काहीच न देणारी योजना दोन पिढ्यांत स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेईल.

पाचवी गोष्ट उपयोगाची. हायड्रोजन हलका, गळका आणि साठवायला महाग. मोटारीत भरण्याचे स्वप्न आकर्षक असले, तरी आरंभी तो जवळच्या खतकारखान्याला मिळणे अधिक शहाणपणाचे. एक टन अमोनियाला सुमारे १७६ किलो हायड्रोजन लागतो. शेतातील पऱ्हाटीपासून त्याच शेताचे खत, हे वर्तुळ पूर्ण झाले तर आयातीचा भार कमी होईल आणि पैसा गावातच फिरेल. या वायूतील कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो, म्हणून सुरक्षिततेच्या नियमांत कसूर चालणार नाही, हेही सांगितले पाहिजे.

या सूचनांपैकी एकही अशी नाही की जिच्यासाठी परदेशी परवान्याची वाट पाहावी लागेल. खनिज देशात आहे, विद्या देशात आहे, कच्चा माल तर पायदळी पडलेला आहे. मोठ्या उद्योगांनी जी ३८ हजार टनांची जागा रिकामी सोडली, तेथे सहकारी संस्था, सार्वजनिक कंपन्या आणि संशोधन संस्था यांनी एकत्र उतरावे, अशी मागणी लोकप्रतिनिधींकडे आग्रहाने झाली पाहिजे. वेचणी संपली की विदर्भाच्या शिवारात रात्री ठिकठिकाणी पऱ्हाटीच्या आगी दिसतात. त्या आगीत काय जळते आहे, हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांनी तरी आता ओळखले पाहिजे.